मार्गशीर्षातली पिल्लं

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, असं आपल्याकडे थोडं हसत, थोडं नाक मुरडत म्हणतात. म्हणणाऱ्यांचं गणित मात्र पक्कं असतं. कुत्रीचे दिवस साधारण ६३. भाद्रपदात जे घडतं ते कार्तिकात जन्माला येतं आणि मार्गशीर्षात डोळे उघडून धडपडत चालायला लागतं. तेही ऐन थंडीत. मग आमच्या छत्रपती संभाजीनगरात जिकडेतिकडे पिल्लं दिसू लागतात. सिडकोतल्या रो-हाऊसच्या जिन्याखाली, बीड बायपासला अर्धवट बांधकामाच्या वाळूत, गुलमंडीत बंद दुकानाच्या फळीखाली, खाम नदीच्या काठी कुणीतरी टाकून दिलेल्या फाटक्या गादीत.

याच महिन्यात आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या खंडोबाची चंपाषष्ठी येते. यात्रा भरते, भंडारा उधळला जातो, आणि देवाबरोबर त्याचं कुत्रंही पूजेत असतं. पुढे आठ-दहा दिवसांत दत्तजयंती. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री. ते चार वेद, असं लहानपणी सांगितलं जायचं. तसबिरीला हार घालून, सुंठवडा घेऊन माणसं बाहेर येतात आणि पायरीशी घुटमळणाऱ्या पिल्लाला ‘हाड’ म्हणतात. टोमणा मारायचा म्हणून हे लिहीत नाही. माझ्या आजीनं जन्मभर दत्ताची पूजा केली आणि कुत्र्याला उंबरा कधी ओलांडू दिला नाही. पण रोजची शेवटची भाकरी कुत्र्याची, हा नेमही तिनं कधी मोडला नाही. उंबऱ्याबाहेर भाकरी आणि आत मज्जाव, असा आपला जुना करार आहे. आमच्या घरी दर हिवाळ्यात या करारात दोन महिन्यांपुरती दुरुस्ती होते.

या कामाला आता सगळे ‘फॉस्टर करणं’ म्हणतात. बेवारस पिल्लू आपल्या घरी ठेवायचं, जगवायचं, औषधं-लसी द्यायच्या आणि कायमचं घर मिळालं की त्या घरी पोचवायचं. ऐकायला सोपं. यातलं शेवटचं काम सोडलं तर बाकीचं खरंच अंगवळणी पडतं.

फोन येतो तो बहुतेक वेळा एखाद्या कॉलेजातल्या मुलाचा. ‘‘काकू, पाच पिल्लं आहेत. लई बारीक आहेत. घेऊन येऊ का?’’ मी विचारते, ‘‘आई कुठंय?’’ अनुभवी माणसं हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात. पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती अनाथ असतात असं नाही. पाच जणांना पाजणाऱ्या कुत्रीला पोट भरायला लांब जावंच लागतं. चिकनच्या दुकानामागे, मंगल कार्यालयाच्या उकिरड्यावर तास-दोन तास जातात. तेवढ्यात कुणी कनवाळू माणूस पिल्लं उचलून नेतो, आणि ती परत येऊन रिकामा खड्डा हुंगत राहते. म्हणून आधी लांब उभं राहायचं, वाट बघायची. आई परतली, तर पिल्लांना हात न लावता तिच्या जेवणाची सोय करायची. पिल्लांसाठी तिच्याएवढं चांगलं घर शहरात दुसरं नाही.

पण पुष्कळदा आई परतत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला होता. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. विण्याच्या वयापर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्लं पोचली, आणि जी मेली त्यांतल्या ६३ टक्क्यांच्या मरणात माणसाचा हात होता. म्हणजे पाच पिल्लांच्या वेतातलं एखादंच मोठं होतं. आपल्याला गल्लीत कायम कुत्री दिसतात, म्हणून आपण समजतो की ही जमात मरत नाही. ती मरत असते. मोजणारं कुणी नसतं.

तर खोकं येतं. त्यात गोणपाट, त्यावर जुन्या सुती साडीचे तुकडे, कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. डिसेंबरात इथला पारा रात्री चांगलाच उतरतो आणि फरशी बर्फासारखी होते. गार पडलेलं पिल्लू दिसलं की घरातलं प्रत्येक माणूस दुधाकडे धावतं, पण आधी ऊब आणि मग दूध, असा क्रम आहे. थंड अंगात दूध पचत नाही. पाजायचं तेही पालथं ठेवून, ते आईला लुचतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. आणि गाईचं दूध नको. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि साखर कमी. गाईच्या दुधानं पोट भरल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी हगवण लागते. म्हणून पिल्लांच्या दुधाची पावडर, सिरिंज, आणि दर दोन-तीन तासांचा गजर. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालून पुसायचं. एवढ्या लहान पिल्लाला आपण होऊन शी-शूसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. रात्री तीन वाजता कापसाचा बोळा हातात धरून बसलं की आपण या जगात किती लोकांच्या चाटण्या-पुसण्यावर वाढलो, याचा हिशेब आपोआप डोक्यात सुरू होतो.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आकडा वाढला तर चहा गोड लागतो. वाढला नाही तर दवाखाना. पिल्लांचं गरगरीत पोट पाहून पाहुणे म्हणतात, ‘‘छान बाळसं धरलंय हो!’’ ते पुष्कळदा बाळसं नसतं, जंत असतात. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात उतरतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतांचं औषध द्यावं लागतं.

या सगळ्याला पाणी लागतं. आणि पाण्याचं काय, हे संभाजीनगरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. काही दिवसांनी एकदा, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा नळ येतो. ज्या गावाला सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून नहरी काढून पाणी दिलं, जिथं पाणचक्कीवर पडणाऱ्या पाण्यानं जातं फिरत होतं, तिथं आज टँकरचा पाइप टाकीत पडला की गल्ली सुटकेचा श्वास टाकते. अशा गावात पाच पिल्लांची हगलेली-मुतलेली फडकी रोज धुवायची म्हणजे घरातल्या माणसांची मर्जी सांभाळायला लागते. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना जातं, कपडे धुतलेलं शेवटचं पाणी पिल्लांच्या फडक्यांना, आणि त्या फडक्यांचं पाणी फरशीला. नळाच्या दिवशी शेजारच्या काकू भिंतीवरून विचारतात, ‘‘तुमची कुत्री आज किती हंडे प्याली?’’ विचारतात असं, पण पुढच्या वेळी टँकर अर्धा-अर्धा करताना त्यांनी कधी कुरकुर केलेली नाही.

आमच्या नळाला पाणी येतं ते पैठणच्या धरणातून. धरणाचं नाव जायकवाडी, जलाशयाचं नाव नाथसागर. एकनाथांचं नाव त्या पाण्याला आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरला निघालेले नाथ वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव पाहतात आणि देवासाठी आणलेलं पाणी त्याच्या तोंडात ओततात, ही गोष्ट मराठवाड्यात कुणाला नवी नाही. ती मी शाळेत ऐकली, कीर्तनात ऐकली. पण ती नळाशी जोडावी असं डोक्यात आलं ते पिल्लांमुळेच. पलीकडच्या गल्लीतल्या खाला अधूनमधून उकडलेल्या चिकनचं पाणी डब्यात घालून पाठवतात. पिल्लांना मात्र त्या हात लावत नाहीत. नमाजाचे कपडे असतात, कुत्र्याची लाळ लागलेली चालत नाही. गेटबाहेर उभ्या राहून डबा देतात आणि लांबूनच चौकशी करतात. एकदा म्हणाल्या, ‘‘बेटा, प्यासे कुत्ते को पानी पिलाया, उसपे अल्लाह ने एक गुनहगार को बख्श दिया था.’’ हदीसमधली गोष्ट आहे ती. विहिरीत उतरून, बुटात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्याची. पैठणचं गाढव आणि अरबस्तानातलं कुत्रं, दोघंही तहानेच्याच वाटेनं आमच्या गेटापाशी येऊन पोचली. कोरड्या मुलखांत दयेच्या गोष्टी पाण्याच्याच असणार.

पाण्याचा खर्च सगळ्यात जास्त होतो तो पार्वोच्या वेळी. पार्वो हा विषाणू जगाला १९७८ पासून ठाऊक आहे. आज पिल्लू खेळतं, उद्या खात नाही, परवा उलटी आणि रक्ताचे, विशिष्ट कुबट वासाचे जुलाब. ज्यानं तो वास एकदा घेतला त्याला निदान सांगावं लागत नाही. मग सलाईन, इंजेक्शनं, खडकेश्वरचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा जवळचा खासगी डॉक्टर, आणि घरातलं बोलणं एकदम कमी. एका हिवाळ्यात तांबूस रंगाचं, कान मोडलेलं एक पिल्लू माझ्या मांडीवरच गेलं. बाकीची जगली. मेल्याचं दुःख करायला उसंत नसते, कारण हा विषाणू फरशीत, फटीत, गोणपाटात महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीचचं पाणी लागतं, तेही फरशी आधी स्वच्छ धुऊन. खोकी जाळायची, फडकी टाकायची, आणि पुढचे कित्येक महिने लस न झालेलं एकही पिल्लू घरात घ्यायचं नाही. फोन येतात, आणि ‘नाही’ म्हणावं लागतं. सहाव्या आठवड्यापासून लस सुरू करायची आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस द्यायचा, हे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असतं ते यासाठी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. आणि पिल्लाचा दात किंवा नख लागलं, तर ‘एवढंसं तर आहे’ म्हणायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. पुन्हा पाणीच.

पण हे सगळं सांगून झालं तरी मूळ गोष्ट राहतेच. दहाव्या-बाराव्या दिवशी पापण्यांच्या फटीतून निळसर काहीतरी चमकतं. डोळे उघडतात, पण दिसत काही नसतं. मग एक दिवस कान उघडतात आणि कुकरच्या शिट्टीला पाचही जण एकदम दचकतात. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी पहिल्यांदा भुंकतं आणि स्वतःच घाबरून बाटलीमागे लपतं. शेपट्या हलू लागतात. आधी नुसत्याच, मग कुणाकडे तरी बघून. हा बदल ज्यानं पाहिला त्याला हिवाळ्यातल्या रात्री वाया गेल्यासारख्या वाटत नाहीत.

अमेरिकेत बार हार्बर इथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कितीतरी वर्षं कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत पिल्लाचं मन माणसांच्या जगाला उघडं असतं, हे त्यांनी मांडलं. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते आपलं. नंतरचं सगळं परकं आणि भीतीचं. म्हणून फॉस्टर घराचं काम फक्त खायला घालण्याचं नाही. पिल्लाला मिक्सर ऐकवायचा, घंटागाडीचं गाणं ऐकवायचं, पहाटेची अजान आणि संध्याकाळची आरती ऐकवायची. टँकरचा पंप, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, केस ओढणारी लहान पोरं, सगळ्यांची ओळख करून द्यायची. पुढं हे पिल्लू एखाद्या माणसाला घाबरून चावलं, तर त्याला पुन्हा रस्त्यावर सोडलं जाईल. न घाबरणं हाच त्याचा खरा विमा.

आणि इथंच या कामातली मेख आहे. ज्या आठवड्यांत पिल्लू सगळ्यात लोभस होतं, मांडीवर येऊन झोपतं, आपल्या पावलांचा आवाज ओळखतं, त्याच आठवड्यांत त्याला द्यावं लागतं. वैजापूर-कन्नडकडे कांदा करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. रोप वाफ्यात वाढतं, पण कांदा वाफ्यात धरत नाही. दीड-पावणेदोन महिन्यांचं झालं की उपटायचं आणि दुसऱ्या रानात लावायचं. वाफ्यातच ठेवलं तर ते नुसतं उंच होतं. माझं घर वाफा आहे, हे मला दर वर्षी नव्यानं स्वतःला सांगावं लागतं.

पिल्लू दिलंच नाही, स्वतःकडेच ठेवलं, तर रेस्क्यूची मंडळी हसून त्याला ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण घराची जागा, नळाचं पाणी आणि माणसाची झोप मोजकीच असते. मी एक ठेवलं, की पुढच्या मार्गशीर्षात ज्या पाचांसाठी फोन येईल त्यांची जागा गेली. देऊन टाकण्यातली माया कमी प्रतीची, असं मला आता वाटत नाही.

द्यायचं म्हणजे मग स्टेटसला फोटो, आणि फोन. ‘‘नर आहे का?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘काळं नको.’’ ‘‘लॅब मिक्स आहे का?’’ ‘‘शेतावर राखणीला पाहिजे, साखळीला राहील ना?’’ आपलेही प्रश्न असतात. घर भाड्याचं का? घरमालकाला विचारलं का? घरातली सगळी माणसं तयार आहेत का? गावाला गेलात तर कोण बघेल? काही जण चिडतात. ‘‘कुत्रंच देताय ना, का मुलगी?’’ मी म्हणते, मुलगी असती तर एवढे प्रश्न विचारायची मुभा मिळाली नसती.

नर आधी जातात. तांबूस, पांढरे ठिपकेवाले जातात. शेवटी खोक्यात उरते ती काळी मादी. दर वर्षी. तिचा दोष एकच, ती पुढं विणार. ज्या मराठवाड्यानं मुलींच्या जन्मावरून एवढं ऐकून घेतलं, तिथं ‘मादी नको’ हे वाक्य इतक्या सहज येतं की म्हणणाऱ्याला ते ऐकूही जात नाही. मागच्या खेपेला अशीच एक काळी मागे राहिली. मुकुंदवाडीहून एक शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या. मी आधीच सांगून टाकलं, ‘‘ताई, मादी आहे बरं.’’ त्या म्हणाल्या, ‘‘असू द्या की. मीबी बाईच हाय.’’ नसबंदी करायची, लसी पूर्ण करायच्या, फोटो पाठवत राहायचं, हे सगळं त्यांनी मुकाट ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, ‘‘ती रात्री कुणाजवळ झोपते?’’ माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या एका प्रश्नात होती.

बाहेर वातावरण मात्र तापलेलं आहे. गल्लीत कुत्री चावतात, मुलं शाळेत जायला घाबरतात, दुचाकीमागे धावणाऱ्या कुत्र्यांमुळे माणसं पडतात. ही भीती खरी आहे आणि तिला हसणाऱ्या प्राणिप्रेमींशी माझं पटत नाही. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी आणि लस करून कुत्र्यांना त्यांच्याच भागात सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून, खाऊ घालायच्या जागा ठरवा. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातून कुत्री हटवायचा आदेश आला. मतं टोकाची आहेत. महाभारताच्या सुरुवातीलाच जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या एका कुत्र्याच्या पिल्लाला मारतात, आणि त्याची आई सरमा येऊन विचारते, याचा अपराध काय? राजाकडे उत्तर नसतं. आमच्या गल्लीतल्या भांडणात मला ती सरमाही आठवते आणि कुत्रं चावलेल्या पोराची आईही. दोघींच्या प्रश्नाला उत्तर एकच आहे, आणि ते २००१ पासून नियमांत, पुन्हा २०२३ च्या नियमांत लिहिलेलं आहे: नसबंदी आणि लसीकरण, सातत्यानं, प्रत्येक वस्तीत. ते जिथं अर्धवट राहतं तिथं भाद्रपद आपलं काम करतो आणि मार्गशीर्षात माझा फोन वाजतो.

माझ्या खोक्यानं शहराचा प्रश्न सुटत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. एक कुत्री वर्षातून दोनदा विऊ शकते; मी एका हिवाळ्यात जेवढी पिल्लं जगवते तेवढी दोन गल्ल्यांत एका रात्रीत जन्मतात. तरीही ज्या घरांत आमची पिल्लं गेली, त्यांतल्या एकाही कुत्रीनं अजून रस्त्यावर पिल्लं टाकलेली नाहीत. माझ्या लेखी या कामाची एवढी किंमत पुरेशी आहे.

तुम्हाला कुत्रं पाळायचं असेल तर विकत घेण्याआधी आपल्या गल्लीतल्या जिन्याखाली एकदा वाकून बघा. पाळायचं नसेल, तर हिवाळ्यातले दोन महिने, एक खोकं आणि थोडं पाणी एवढ्यावर फॉस्टर करता येतं. आणि कुणी विचारलंच, नर पाहिजे का मादी, तर मादी घ्या. सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांना विचारून तिची नसबंदी करून घ्या.